दोन तास बारा मिनिटं

माझ्या मुलीचं, म्हणजे डॉक्टर चैताली बुद्धभूषण ओव्हाळ हिचं, ऐन परीक्षेच्या तोंडावर वाचन मी बंद पाडलं, असा ठपका आमच्या घरात माझ्यावर आहे. तो खरा आहे. पण ठपका ठेवणारे पुढची हकिकत सांगत नाहीत, म्हणून ती मलाच सांगावी लागते. मिनिटांसकट बोलायची मला सवय आहे, तेवढी सहन करा.

मी बावीस वर्षं खराडीच्या एका कारखान्यात टाइम-स्टडीचं काम केलं. म्हणजे कामगार यंत्रावर काम करत असताना त्याच्या खांद्यामागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, एक दट्ट्या, म्हणजे इंजिनाचा पिस्टन, घडवायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून दिवसाला किती दट्टे व्हायला हवेत ते ठरवून द्यायचं. या ठरलेल्या आकड्याला नॉर्म म्हणतात. आणि माणूस जो वेळ नुसता उभा असतो त्याला म्हणतात निष्क्रिय वेळ. तो हुडकून काढायचा आणि नाहीसा करायचा, यात माझी उमेदीची वर्षं गेली. कामगारांना माझ्याविषयी काय वाटायचं ते कारखान्याच्या मुतारीत भिंतीवर लिहिलेलं असायचं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं शुद्धलेखन चांगलं होतं.

दोन हजार तीन साली बाहेरच्या देशांतून दट्टे येऊ लागले आणि आम्हा सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. इच्छा कारखान्याची होती. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या परचुऱ्यांचा केदार तिथे कॉम्प्युटरवर काम करतो. तो किती वाजता जातो, किती वाजता येतो आणि मध्ये काय करतो, हे कोणीही मोजत नाही. मला ते बघवत नाही.

घरी बसल्यावर मी आधी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला. मिसळणाचा डबा ओट्याच्या डाव्या टोकाला असल्यामुळे हेमा, म्हणजे माझी पत्नी, दर भाजीमागे चार पावलं जास्त चालते, हे मी आलेख काढून सिद्ध केलं. हेमा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. साठ पोरांना ती एका नजरेत गप्प करते. तीच नजर तिने मला दिली.

"अहो, तुमचं घड्याळ जरा घराबाहेर चालवा," ती म्हणाली.

घराबाहेर काम तयारच होतं. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष हॉस्पिटलात इंटर्न म्हणून राबावं लागतं, आणि पुढे एमडी करायचं असेल तर त्याच वर्षात, जानेवारीत, प्रवेशपरीक्षा असते. म्हणजे राबायचं वर्ष आणि अभ्यासाचं वर्ष एकच. हे ज्याने ठरवलं त्याला मी कारखान्यात चहा ढवळायच्या नॉर्मवरसुद्धा बसवलं नसतं. चैताली सकाळी सातला जायची, संध्याकाळी सहाला यायची, दर चौथ्या दिवशी यायचीच नाही, आणि आली की भाकरीचा तुकडा हातात धरून टेबलावरच झोपायची. परीक्षेला एकोणऐंशी दिवस उरले होते. मेडिसिनची जागा मिळाली तर याच खेपेला, नाहीतर एक वर्ष वाया, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

आमच्यासारख्या सगळ्या घरांत मुलांना सांगतात तशी मीही तिला एकदा बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाची आठवण दिली.

"पप्पा, अठरा तास जागी मीही असते," ती डोळे मिटूनच म्हणाली. "त्यातले अकरा वॉर्ड घेतो."

मला एकदम स्फुरण चढलं. अकरा तास वॉर्ड घेतो म्हणजे नेमके कुठे घेतो? कोणी मोजलेत? मोजलेलेच नसतील तर वाचवणार कसे? मी कपाटातून स्टॉपवॉच काढलं, किल्ली दिली आणि कानाशी धरलं. ते चालू होतं.

हॉस्पिटलचं नाव लिहायला चैतालीची बंदी आहे. पुण्यात आहे, मोठं आहे आणि त्याची लिफ्ट बंद असते, एवढ्यावरून ओळखू येणार नाही, म्हणून एवढं सांगतो. मी तिथल्या अधीक्षक डॉक्टर सुहासिनी देवस्थळी यांच्या नावे रीतसर अर्ज लिहिला आणि आवक-जावकच्या खिडकीत दिला. तिथल्या कारकुनाने तो उलटा धरून सुलट केला.

"विषय काय?"

"वेळेचा अभ्यास."

"कोणाच्या?"

"इंटर्न डॉक्टरांच्या."

"त्यांना वेळ असतो?"

"तेच शोधायचं आहे."

"मग आधी शोधून या, मग अर्ज करा," असं म्हणून त्याने अर्ज परत दिला. वॉर्डात नुसतं बसायचं म्हटलं तर भेटीची वेळ चार ते सहा. त्याखेरीज बसायला पास लागतो आणि पास फक्त रुग्णाच्या नातेवाइकाला मिळतो. म्हणजे माझ्याकडे घड्याळ होतं, कागद लावायची फळी होती, बावीस वर्षांचा अनुभव होता, फक्त रुग्ण नव्हता.

हे मी माधवराव परचुऱ्यांना जिन्यात सांगितलं. परचुरे विमा कार्यालयातून निवृत्त झालेले. सल्ला मागायला येणाऱ्याला ते दारात उभं करतात आणि न मागणाऱ्याला घरात बसवतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ओव्हाळ, मला सहा वर्षांपासून हर्निया आहे," ते म्हणाले. "ऑपरेशन मी चांगल्या कारणाची वाट बघत पुढे ढकलत होतो. हे कारण चांगलं नाही. पण दुसरं येईल असं दिसत नाही."

असे परचुरे चैतालीच्याच वॉर्डात दाखल झाले. पासाच्या अर्जात 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. त्यात शेजारी बसत नाही असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, म्हणून परचुऱ्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन स्वतःच 'मेहुणा' असं लिहिलं. बाईंनी एकदा परचुरे हे नाव वाचलं, एकदा ओव्हाळ हे नाव वाचलं आणि मग आम्हा दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं.

"काही अडचण?" परचुऱ्यांनी विचारलं.

"छे, छे," म्हणत बाईंनी घाईघाईने शिक्का मारला. तो उलटा बसला, पण दोन महिने कोणाच्या लक्षात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चैताली वॉर्डात आली तेव्हा परचुरेकाका कॉटवर आणि वडील बाकावर फळी-घड्याळ घेऊन, असं दृश्य तिला दिसलं. एक सेकंदभर ती थांबली. तो मी नोंदवला.

"नातेवाइकांनी कॉटपासून लांब बसावं," ती म्हणाली आणि पुढे गेली. तीन दिवस माझ्या पोटच्या मुलीने मला ओळख दाखवली नाही. परचुऱ्यांना मात्र ती दिवसातून चारदा विचारून जायची, काका बरं वाटतंय का, म्हणून. ते दर वेळी 'आमच्या मेहुण्यांना विचार' असं सांगायचे.

माझी फळी बघून पहिल्याच दिवशी बातमी पसरली की मंत्रालयातून तपासणी आली आहे. दहा वाजता मला चहा आला, अकराला दुसरा आला. साडेअकराला माझ्यासमोरच्या खिडकीची जाळी पुसली गेली, तेव्हा तिच्यापलीकडे झाड आहे हे तिथल्या जुन्या रुग्णांनाही पहिल्यांदा कळलं. बाकी मी कामात होतो. चैताली रक्त घ्यायची, त्या नळ्या स्वतः तीन मजले उतरून लॅबमध्ये न्यायची, रांगेत थांबायची, वर यायची, की दुसऱ्या रुग्णाचं रक्त. मग एक्स-रेच्या खिडकीवर फिल्म आणायला. मग रक्तपेढीत. मग लॅबवाले म्हणाले नळीवर नाव पुसट आहे, की परत वर. सरासरी दिवसाला सव्वानऊ किलोमीटर चालणं, आणि त्यात खिडक्यांपुढे, रांगांमध्ये, लिफ्ट चालू होईल या आशेवर नुसतं उभं राहणं दोन तास बारा मिनिटं.

मी तिच्या मागोमाग सगळीकडे जात होतो. उभी असताना ती खिशातून घडी घातलेले कागद काढून बघायची, हे मी पाहिलं. नोंद घ्यायचीही इच्छा झाली. पण हाताची हालचाल नाही, पायाची नाही, माल पुढे सरकत नाही. आमच्या शास्त्रात त्याला एकच रकाना आहे.

अहवाल बेचाळीस पानांचा झाला. केदारने त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो टाइप करून त्यात एक रंगीत वर्तुळ काढून दिलं, निष्क्रिय वेळाची फोड लालभडक. "काका, एकदम क्लायंट-रेडी आहे," तो म्हणाला. "फक्त सबमिट करा, मॅडम फ्लॅट होतील." माझी मुख्य शिफारस साधी होती. प्रत्येक इंटर्नने प्रत्येक नळीमागे धावू नये. एक पेटी करावी, दर दोन तासांनी एकाने सगळ्या नळ्या एकदम न्याव्यात आणि येताना सगळे रिपोर्ट, सगळ्या फिल्म आणाव्यात. वाचलेला वेळ अभ्यासाला द्यावा. हे शेवटचं वाक्य मी बेचाळिसाव्या पानावर लिहिलं. बेचाळिसाव्या पानापर्यंत कोणी जात नाही, हे मला बावीस वर्षांत माहीत व्हायला हवं होतं.

अहवाल या वेळी आवकमध्ये स्वीकारला गेला, कारण तो मी मंत्रालयातून आणला असा तिथे समज होता. पाचव्या दिवशी मला बोलावणं आलं. डॉक्टर देवस्थळींनी खुर्ची दिली, चहा दिला आणि लाल फोडीवर बोट ठेवलं.

"एकतीस वर्षं मी या इमारतीत आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला इतकं बारकाईने कोणी बघितलं नव्हतं."

मी घरापर्यंत कसा आलो ते मला सांगता येणार नाही. स्कूटर हॉस्पिटलातच राहिली होती, यावरून बसने आलो असणार. सोसायटीच्या दारात भेटेल त्याला मी थांबवून सांगितलं. हेमाने शेवयांची खीर केली. चैतालीनेसुद्धा झोपेत दोन चमचे खाल्ली.

सोमवारी सूचनाफलकावर आदेश लागला. तो मला तोंडपाठ आहे. 'श्री. बु. ओव्हाळ यांच्या अहवालातील परिच्छेद ७ अन्वये इंटर्न डॉक्टरांकडे दररोज दोन तास बारा मिनिटे इतका निष्क्रिय वेळ असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, नमुने पेटीने पाठवण्यात यावेत व सदर वेळेत इंटर्न डॉक्टरांनी सन १९९४ पासूनच्या केसपेपरांची तळघरात वर्षवार लावणी करावी.'

त्या संध्याकाळी चैताली आली ती केसांत जळमटं घेऊन. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर बसली आणि हळू बोलली.

"पप्पा, त्या दोन तास बारा मिनिटांत मी फार्मॅकॉलॉजी पूर्ण केली होती. मेडिसिन निम्मं झालं होतं. लॅबच्या रांगेत हृदय, एक्स-रेच्या खिडकीपाशी फुप्फुसं, असं वाटून ठेवलं होतं मी. घरी आल्यावर माझ्याने वाचवत नाही. माझा अभ्यास तेवढाच होता."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही बघत होतात की. तीन दिवस."

"बाकीचे मला काय म्हणतात माहितीये?" ती उठताना म्हणाली. "परिच्छेद सात."

परीक्षेला आता छप्पन्न दिवस होते. त्या रात्री मी जेवलो नाही. हेमाने मिसळणाचा डबा उचलून जरा आणखी डावीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल मागे घ्यायला गेलो. आवकच्या कारकुनाने सांगितलं, आवक झालेलं परत जात नाही. जावकच्या कारकुनाने सांगितलं, जावक करायला आधी तो आवकने सोडला पाहिजे. हे दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. शेवटी डॉक्टर देवस्थळींना गाठलं. मोजणी चुकली म्हणालो.

"मग पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या. "येत्या गुरुवारी. आणि घड्याळ मी धरते, म्हणजे शंका नको. दोन तास बारा मिनिटं सापडली नाहीत तर आदेश रद्द. सापडली तर तळघर."

परचुरे अजून वॉर्डातच होते. त्यांच्या ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे गेली होती. कधी भूलतज्ज्ञ रजेवर, कधी रक्ताचा रिपोर्ट शिळा. त्यांच्या कॉटशी बसून मी सगळं सांगितलं.

"ओव्हाळ, बावीस वर्षं तुम्ही ज्यांना मोजलंत, त्यांना विचारा ना," ते म्हणाले. "घड्याळापुढे कसं वागायचं ते त्यांना कळतं. तुम्हाला फक्त घड्याळ कळतं."

हा सल्ला अपमानास्पद होता, म्हणून मी तो लगेच मानला. आमच्या कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी हिंमतराव आता मांजरीला असतो. एका बाजूला त्याचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या सोसायटीचा जलतरण तलाव, मध्ये बाज टाकून तो बसला होता. चौदा वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त पत्राने बोललो होतो, तेही तिसऱ्याला प्रत देऊन.

"या सायेब," तो म्हणाला. "घड्याळ आनलंय का? ऊस मोजायचा ऱ्हायलाय माजा."

मी सांगितलं. तो हसायला लागला. हसणं थांबायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, हे मी मोजलं नव्हतं, ते आपोआप मोजलं जातं.

"आता ऐका," डोळे पुसून तो म्हणाला. "तुमी घड्याळ घिऊन येनार, हे आमाला आदल्या दिशी ठावं असायचं. मंग आमी काय करायचो? हळू काम न्हाई करायचं. हळू केलं की दिसतं. नियमानं करायचं. हातमोजं घालायचं, चष्मा लावायचा, माप तीनदा घ्यायचं, मशीन पुसायचं, वहीत लिवायचं. समदं तुमच्याच पुस्तकातलं. तुमी खूश. नॉर्म ठरायचा चाळीस, आनि आमी पन्नास करू शकत हुतो. उरला त्यो येळ आमचा."

"बावीस वर्षं?"

"बावीस तुमची. तुमच्या आदुगरच्या सायबाची येगळी."

मी बाजेवर बसलो. त्याने बसा म्हटलं नव्हतं. माझा प्रत्येक नॉर्म, ज्याच्या प्रती मी अजून कपाटात जपून ठेवल्या आहेत, तो माझ्या आधी चहाच्या टपरीवर ठरत होता. मग मी विचारलं, "उरलेल्या वेळात काय करायचात?"

"जो त्यो आपलं. कुनी बिडी वढायचं. त्यो संपत हुता बगा, चार नंबरच्या लेथवर, त्यो वाचायचा. मशिनच्या मागं उभ्या उभ्या. बारावी झाला, मंग बी.ए. झाला, आता शिक्रापूरकडं मास्तर हाय. तुमी त्याला दोन मेमो दिल्ते."

दिले होते. 'कामाच्या वेळेत वाचन करताना आढळला.' मीच लिहिलं होतं आणि खाली झोकदार सही केली होती. मला लाज वाटली. हिंमतरावापुढे वाटली, संपतपुढे वाटली, आणि सर्वांत जास्त त्या घडी घातलेल्या कागदांपुढे वाटली. हिंमतरावाने घराकडे वळून दोन कप चहा सांगितला.

बुधवारी तो बोटाला फडकं बांधून बाह्यरुग्ण विभागात आला आणि कँटीनच्या मागे चार इंटर्नना एकत्र करून बसला. चैतालीने पहिल्यांदा साफ नकार दिला.

"खोटं काम मी करणार नाही," ती म्हणाली. "पेशंट आहेत ते. त्यांना त्रास होईल असं काही नको."

"बाई, खोटं कोन सांगतंय?" हिंमतराव म्हणाला. "दवाखान्याचं काय पुस्तक-बिस्तक आसंल की. त्यात लिवलंय तसंच करा. आनि खरंच कुनाला जास्त झालं, तर पुस्तक फेका आनि पळा. घड्याळ गेलं खड्ड्यात."

पुस्तक होतं. सिस्टरांच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं, 'वॉर्ड कार्यपद्धती पुस्तिका', एकशे बारा पानं, प्रस्तावना डॉक्टर देवस्थळींची. चैतालीने ते वाचलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

गुरुवारी आठ वाजता अधीक्षकबाई माझं घड्याळ घेऊन वॉर्डात उभ्या राहिल्या. मी शेजारी फळी धरून. पुस्तिकेनुसार रक्त घेण्यापूर्वी सात पायऱ्यांनी हात धुवायचे होते. वॉर्डात नळ तीन, पाणी एकाला. चारही इंटर्न ओळीने हात धुवायला उभे राहिले, प्रत्येक रुग्णाच्या आधी आणि नंतर. मग रुग्णाला त्याचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता विचारायचा, कॉटवरच्या पाटीशी ताडायचा, कागदाशी ताडायचा आणि दुसऱ्या डॉक्टरकडून खात्री करून घ्यायची.

"आपलं पूर्ण नाव?" चैतालीने परचुऱ्यांना विचारलं. तिच्यानंतर आणखी तिघांनी विचारलं.

"माधव विष्णू परचुरे," चौथ्यांदा ते म्हणाले. "सकाळी खात्री होती. आता तुम्ही इतकं विचारताय तर घरून कोणालातरी बोलावून घ्या."

नळीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वेळ, तीन नोंदवह्यांत नोंद. त्यातली दुसरी वही कपाटात आणि कपाटाची किल्ली जिच्याकडे ती कर्मचारी बाळंतपणाच्या रजेवर. पुस्तिकेत लिहिलं होतं की नोंदीवाचून नमुना वॉर्डाबाहेर जाऊ नये. चैतालीने अदबीने ते पान उघडून अधीक्षकबाईंपुढे धरलं. साडेदहाला सव्वीसपैकी चार रुग्णांचं रक्त निघालं होतं आणि पेटी रिकामीच होती. राउंडला आलेले मोठे डॉक्टर रिपोर्ट मागत होते. पावणेअकराला लॅबमधून फोन आला की तुमचा वॉर्ड बंद झाला आहे का. दरम्यान एका आजोबांना धाप लागली, तेव्हा चौघेही पुस्तिका टाकून धावले. तीन मिनिटांत आजोबांना ऑक्सिजन लागला, आणि चौघे पुन्हा नळाशी येऊन रांगेत उभे राहिले. देवस्थळीबाईंनी ते नीट पाहिलं.

"ओव्हाळ, निष्क्रिय वेळ किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य, मॅडम. पण आजचं काम संपायला शनिवार उजाडेल."

त्यांनी घड्याळ बंद केलं. मग त्यांची नजर बाकावर बसलेल्या हिंमतरावाकडे गेली. "यांना काय झालंय?"

"बोट," हिंमतराव म्हणाला.

त्या जवळ गेल्या, फडकं सोडलं आणि बोट उलटसुलट करून पाहिलं. "काहीच झालेलं नाही याला."

"तुमच्या हाताला गुन हाय बाई," हिंमतराव म्हणाला.

मला वाटलं, आता आम्हा सगळ्यांची रवानगी तळघरात होणार. पण त्या मला घेऊन खिडकीशी गेल्या.

"तो अहवाल तुम्ही केलात, तेव्हा उभी राहून ही मुलं काय करत होती?"

"वाचत होती," मी म्हणालो. "मी ते लिहिलं नाही. चूक माझी आहे, मुलांची नाही."

"एक्स-रेच्या खिडकीजवळ उजव्या हाताला एक कठडा आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तक ठेवायला बरोबर उंचीचा. माझं एमडी त्या कठड्यावर झालंय. मी आदेश काढताना त्याची मला आठवण झाली नाही, म्हणजे बघा."

दुपारी फलकावरचा आदेश निघाला. त्या जागी दोन ओळींचा नवा लागला, परिच्छेद ७ रद्द समजण्यात यावा. नमुन्यांची पेटी सिस्टरांनी डबे ठेवायला घेतली. परचुऱ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते बरे होऊन घरी आले. आता ते मला चारचौघांत मेहुणे म्हणतात आणि आमच्याकडून भाऊबीजेच्या जेवणाची अपेक्षा ठेवतात. निकालही सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मोकळे व्हाल. चैतालीला मेडिसिनची जागा मिळाली. तिथे तिची ड्यूटी आता सलग छत्तीस तास असते आणि त्याविषयी मी तिला काहीही विचारायचं नाही, असं हेमाने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते आदेश रद्द झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. परचुऱ्यांचा डबा देऊन मी खाली उतरत होतो. एक्स-रेच्या खिडकीपुढे रांग होती, पंधरा-सोळा माणसं. मध्ये चैताली उभी. एका हातात चार रुग्णांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या हातात ते कागद. रांग सरकली की कागद मिटायचे, एक पाऊल टाकायचं, पुन्हा उघडायचे आणि ओळ शोधायची. ओळ शोधण्यात तिचा दर वेळी थोडा वेळ जात होता.

मी तिच्याजवळ गेलो आणि तिच्या हातातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग रांगेतून बाहेर होऊन कठड्याशी गेली. कागद पसरले, कोपर टेकलं आणि वाचायला लागली. मी तिच्या जागी उभा राहिलो.

रांग फारच हळू होती. आतला माणूस दर फिल्मनंतर उठून कुठेतरी जात होता. एक खिडकी उघडी, दुसरी बंद, चिठ्ठ्या घेण्याची पद्धत तर शुद्ध वेडेपणाची. माझ्या मागच्या गृहस्थाने दोनदा सुस्कारा टाकला, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर बोटाने टिचकी मारली.

"काय हो, अजून किती वेळ लागेल?"

मी चैतालीकडे पाहिलं. तिने पान उलटलं होतं.

"लागू दे की," मी म्हणालो. "घाई कोणाला आहे?"